तिसरा कोपरा

अंध मुलींच्या त्या शाळेत त्यांना सगळे साध्यबाई म्हणत. भूमितीच्या तासाला त्या एखाद्या मुलीला उभं करायच्या आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पक्ष काय? साध्य काय?" म्हणजे दिलंय काय आणि सिद्ध करायचंय काय. उत्तराला जरा उशीर झाला की पुढचं वाक्यही ठरलेलं, "डोळे गेलेत, डोकं नाही गेलं. तेवढं तरी वापर." वरच्या वर्गातल्या आगाऊ मुली त्यांना माघारी असाध्यबाई म्हणायच्या. रोग असाध्य असतो ना, तशा. कधीतरी ते बाईंच्या कानावर गेलं. "व्याकरण बरोबर आहे," एवढंच बोलल्या आणि फळीवरची रबरी पाटी काढून तास सुरू केला.

बाई त्याच शाळेत वाढलेल्या. सहाव्या वर्षी त्यांना गोवर झाला, आणि ताप उतरला तो नजर घेऊनच उतरला. घरात आई, थोरला भाऊ आणि पाठोपाठची धाकटी बहीण. वडील नव्हते. शाळेत सोडायला दादा आला होता. फाटकापाशी तो म्हणाला, "इथेच गज धरून उभी राहा, हलू नकोस. मी गोळ्या घेऊन आलोच." ती उभी राहिली. शाळा सुटली, मुली जेवून झोपायला गेल्या, पहारेकऱ्याच्या बायकोने येऊन तिची गजावरची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हाही ती म्हणत होती, "दादाने हलू नको म्हणून सांगितलंय."

तेव्हा शाळेत मुलींना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवत, स्वेटर विणायला शिकवत आणि गळा बरा असेल तर गाणं. भूमिती नव्हतीच. न दिसणाऱ्याला आकृती कशाला, असा एकूण हिशेब. मग एक तरुण मास्तर आले. त्यांना दुसरीकडे कुठे नोकरी मिळाली नव्हती म्हणून आले होते, पण आले आणि रमले. रबराची जाड पाटी, टाचण्या आणि दोरा घेऊन ते रेषा, कोन, समांतर रेषा असं सगळं बोटांखाली आणून द्यायचे. शिकवायचे झकास. फक्त त्यांना गंमत करायची खोड होती आणि वर्गात डोळस असे ते एकटेच होते.

एकदा त्यांनी प्रत्येक मुलीला पुठ्ठ्याचा एकेक त्रिकोण दिला. कुणाचा उभट, कुणाचा पसरट. "तिन्ही कोपरे फाडा. तिन्हींची टोकं पट्टीच्या कडेवर एका जागी आणा आणि कोपरे शेजारी शेजारी चिकटवून मांडा. काय होतं सांगा." मुली मांडायला लागल्या. बोट फिरवलं की कळायचं, पहिल्या कोपऱ्याची कड पट्टीला लागलेली, शेवटच्याचीही लागलेली, मध्ये कुठे फट नाही. तीन कोपरे मिळून सरळ रेष. त्रिकोण कुठलाही घ्या.

वर्गात सगळ्यात हुशार ती फाटकापाशी सोडलेली मुलगी होती आणि ते तिला माहीतही होतं. मास्तर तिच्या बाकापाशी आले, "बघू" म्हणत तिचे कोपरे उचलले आणि त्यातला एक बदलून जरा निमुळता ठेवला. तिने मांडले. फट राहिली. परत मांडले. फट.

"सर, माझी रेष होत नाही."

"सगळ्यांची झाली. तुझीच होत नाही?" मास्तर म्हणाले. "मग तुझ्यासाठी देवाने वेगळा त्रिकोण केला असेल."

वर्ग खो खो हसला. हुशार मुलीवर हसायची संधी काही रोज येत नाही. ती तास संपेपर्यंत मांडत राहिली, आणि तो पुठ्ठ्याचा चुरा उशीखाली घेऊन झोपली. मास्तरांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग एका सकाळी वर्गात उभी राहून ती म्हणाली, "सर, वरच्या टोकातून पायाला समांतर रेष काढली तर पायाचा डावा कोन वर डावीकडे मिळतो, उजवा उजवीकडे मिळतो. व्युत्क्रम कोन. आणि मधला तर तिथेच आहे. तिन्ही मिळून ती समांतर रेषच होते. फट राहूच शकत नाही. तुम्ही कोपरा बदललाय."

मास्तरांनी टाळी वाजवली. "हेच! हेच हवं होतं मला!" पुढे आयुष्यभर ते आपल्या शिकवण्याची ही गोष्ट ज्याला त्याला सांगत राहिले. ती बोलली नसती तर त्यांनी कधी सांगितलं असतं का, हे मात्र तिला कळलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिने त्यातून आपल्यापुरतं एवढंच घेतलं, की माणूस खोटं बोलतो, बोटं फसतात, सिद्धता तेवढी फसवत नाही.

ही अक्कल तिला लगेच उपयोगी पडली. त्या वर्षी सुट्टीत ती घरी गेली तेव्हा धाकटी घरात नव्हती. धाकटी कसली, ती आता लग्नाच्या वयाची झाली होती. "मामाकडे गेलीय," दादा म्हणाला. "तिला तिकडे करमतं." आई भांडी जोरात आपटत होती. दुपारी हिने धाकटीचं कपाट उघडून हात फिरवला. फळ्या रिकाम्या, दांडीला नुसते हँगर. फळ्यांवर अंथरलेला कागदसुद्धा काढून नेला होता.

जेवताना ती म्हणाली, "दादा, चार दिवस मामाकडे जाताना कुणी हिवाळ्याचे कपडे नेत नाही. जुना फ्रॉकही नेत नाही. तिचं लग्न झालंय."

दादाचा घास तोंडातच थांबला असावा, कारण चावण्याचा आवाज बंद झाला. मग तो म्हणाला, "झालं. मग? तुला आणून मांडवात बसवलं असतं तर पोरगी उजवली असती का? सासरच्यांना सांगितलंय दोघंच भावंडं म्हणून."

"आई?"

"तुझं कुठे काय अडलंय गं तिथे," आई रडत म्हणाली. "सगळं वेळेवर मिळतंय ना?"

त्या सुट्टीनंतर ती घरी गेली नाही. पुढे शिकली, परीक्षा दिल्या आणि त्याच शाळेत भूमिती शिकवायला लागली. तरुण मास्तर पुढे म्हातारे होऊन निवृत्त झाले. फाटकापाशी आणून सोडलेल्या नव्या मुली रडायच्या, तेव्हा बाकीच्या शिक्षिका त्यांना जवळ घ्यायच्या. साध्यबाई म्हणायच्या, "रडून घे. येणार नाहीये कुणी." खोटं कधी बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. खरं बोलूनही माणसाला सोलता येतं, हे त्यांच्या विरुद्ध.

आणि कोपऱ्याची ती गंमत त्यांनी चालू ठेवली. दरवर्षी, प्रत्येक नव्या तुकडीत, एका मुलीवर. स्वेटरच्या खिशात निमुळता कोपरा तयार असायचा. "बघू" म्हणून पुठ्ठा उचलायचा आणि बदलून ठेवायचा. बहुतेक मुली रडकुंडीला येऊन सोडून द्यायच्या, मग आठवडाभर टोमणे खायच्या. एखादी मुलगी महिन्याभराने सिद्धता घेऊन यायची. त्या दिवशी बाई तिला आपल्या हाताने चहा करून द्यायच्या. मुख्याध्यापकांना या प्रकाराचं भारी कौतुक. पाहुणे आले की सांगायचे, "आमच्या बाई मुलींना विचार करायला शिकवतात. कोवळेपणा नाही चालत त्यांच्याकडे."

एका वर्षी एक बारा वर्षांची मुलगी आली. घरांना रंग देणाऱ्या एका रंगाऱ्याची लेक. आई नव्हती. तिची नजर वर्षभरापूर्वी गेली होती, हळूहळू, कडेकडेने. डॉक्टर प्रत्येक वेळी "आता थांबेल" म्हणत होते आणि प्रत्येक वेळी थोडी थोडी जात होती. जन्मापासून न दिसणाऱ्या मुली शाळेत पळापळी करायच्या. हिला पाऊल टाकायची भीती. कुणाच्याही झग्याची मागची कड पकडून चालायची, म्हणून मुलींनी तिचं नाव ठेवलं शेपूट.

शेपटीला अजून रंग दिसायचे. जेवता जेवता म्हणायची, "समोर पिवळं पिवळं काहीतरी हलतंय." मुली हसायच्या. शाळेच्या डॉक्टरांनी तिला समजावलं, "बाळ, ते खरं नसतं. डोळे बंद पडले तरी मेंदू आपला जुनं जुनं दाखवत बसतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही." तिने ते नीट लक्षात ठेवलं.

ब्रेल मात्र तिने झपाट्याने उचलली. बोटं विलक्षण हलकी होती. पानावर हात नुसता सरकायचा आणि शब्द यायचे. इस्त्रीच्या खोलीत काम करणाऱ्या मावशींना ती गोष्टींचं पुस्तक वाचून दाखवायची. मावशींना डोळे होते, पण अक्षरओळख नव्हती. "तुझ्या बोटांना डोळे फुटलेत गं," मावशी म्हणायच्या, आणि शेपूट त्या दिवशी कुणाची कड न धरता खोलीपर्यंत जायची.

साध्यबाईंनी त्या वर्षी हिलाच निवडलं. मुलगी आवडली होती म्हणूनच निवडलं. त्यांना आवडण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती.

"बघू," म्हणून त्यांनी कोपरे उचलले आणि ठेवले.

शेपटीने मांडले. बोट फिरवलं. परत फिरवलं, यावेळी दुसऱ्या हाताचं.

"बाई, इथे रिकामं लागतंय."

"बाकीच्यांना लागत नाही."

"मला लागतंय."

"मग तुझी बोटं बघ एकदा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांची ठीक आहेत."

वर्ग हसला. बाई पुढच्या बाकाकडे वळल्या. नेहमीचाच टोमणा होता. दुसरी एखादी असती तर चिडली असती किंवा रडली असती. ही आपली बोटं एकमेकांवर घासत बसली. तासाच्या शेवटी कोपरे न उचलताच उठून गेली.

नंतर मावशींनी सांगितलं तेव्हा सगळ्यांना उलगडलं. शेपूट त्या संध्याकाळी पुस्तक घेऊन आली खरी, पण वाचताना मध्येच थांबायची, तेच अक्षर पुन्हा पुन्हा चाचपायची. "मावशी, हा ठिपका आहे का? मला आहेसं वाटतंय, पण खरंच आहे का?" मावशींना काय कळणार? त्या म्हणाल्या, "मला नाही दिसत बाई एवढं बारीक." मग पोरीने विचारलं, "बोटंपण डोळ्यांसारखीच जातात का? हळूहळू?" मावशी म्हणाल्या, "काहीतरी बोलू नकोस," आणि चादरींचा गठ्ठा द्यायला बाहेर गेल्या.

इस्त्री तापलेली होती. शेपटीने एक बोट लावलं. चटका बसला. पण चटका बसला असं वाटणं आणि खरंच बसणं, यातला फरक कसा ओळखायचा? पिवळं पिवळंही तिला दिसल्यासारखंच वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, विश्वास ठेवायचा नाही. म्हणून खात्री करायला तिने दोन्ही हातांची बोटं इस्त्रीवर टेकवली आणि दाबून धरली. ओरडली नाही. वास आला म्हणून मावशी धावत आल्या.

कातडी परत येईल, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. पण जाड येईल. ठिपके कळतील असं धरून चालू नका.

साध्यबाईंना हे कळलं तेव्हा त्या स्टाफरूममध्ये चहा पीत होत्या. कप खाली ठेवून काठी घेतली आणि थेट दवाखान्यात गेल्या. शेपूट पलंगावर पालथी झोपली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळून बाहेर लोंबत सोडलेले.

"तुझ्या बोटांना काही झालं नव्हतं," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "कोपरा मी बदलला होता."

"डॉक्टरपण असंच म्हणायचे," पोर म्हणाली. "काही झालेलं नाही म्हणून. तुम्ही माझी समजूत काढताय."

"मी कधी कुणाची समजूत काढलीय?"

"मला काय माहीत? मी नवीन आहे."

बाई खुर्ची ओढून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच आपला शब्द कुणीतरी घ्यावा असं त्यांना वाटत होतं, आणि शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो हे त्याच दरवर्षी शिकवत आल्या होत्या.  मग त्या म्हणाल्या, "सिद्ध करून दाखवते. पाठीवर हात ठेवू?"

पोरीने मान हलवली असावी. उशी खसखसली.

बाईंनी बोटाने तिच्या कमरेवर आडवी रेष ओढली. "हा पाया." कमरेच्या दोन्ही बाजूंनी तिरपं वर, मानेखालच्या मणक्यापर्यंत. "हा त्रिकोण. आता या टोकातून पायाला समांतर." आणि या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत एक रेष. "कमरेवरची आणि खांद्यावरची, कितीही वाढवल्या तरी मिळतील?"

"नाही. समांतर आहेत."

"ही डावी बाजू दोन्हींना छेदते. खाली हा कोन झाला. वर त्याच्याएवढा कुठला?"

पोर विचार करत होती. कण्हणं थांबलं होतं. "त्या बाजूच्या पलीकडचा. डाव्या खांद्याखालचा. व्युत्क्रम."

"उजवीकडे?"

"तसाच. उजव्या खांद्याखालचा."

"मधला?"

"मधला आहे तिथेच आहे." ती भरभर बोलायला लागली, अगदी ब्रेल वाचायची तशी. "म्हणजे तिन्ही मिळून खांद्यावरची रेष. सरळ. कुठलाही त्रिकोण घेतला तरी. बारीक असला तरी, लठ्ठ असला तरी. बाई, हे नेहमीच होणार!"

"नेहमीच," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत इतक्या लवकर कुणालाच जमलं नव्हतं. त्यांना आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाज वाटायच्या आत पोर पुढे बोलली.

"मग फट राहूच शकत नव्हती. कोपरा बदलल्याशिवाय."

"नाही."

"आणि हात लावला होता फक्त तुम्ही."

"हो."

"म्हणजे माझी बोटं चांगली होती."

"हो," बाई म्हणाल्या. "चांगली होती."

पलंगाखाली कुणाचं तरी भांडं घरंगळलं. नर्स कुणावर तरी खेकसली. पोरीचा आवाज आला तेव्हा त्यात रडं नव्हतं.

"बाई, पाठीवरचा हात काढा."

मुख्याध्यापकांनी नोंद केली ती अपघाताची. साध्यबाई त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, "सर, खरं लिहा."

"खरं काय त्यात? तुम्ही तिला इस्त्रीवर हात ठेव म्हणालात?" मुख्याध्यापक म्हणाले. "मुलगी मुळातच भित्री. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मग रंगारी आला. नखांत रंग, अंगाला टर्पेंटाइनचा वास. लेकीने दवाखान्यात पडल्या पडल्या भूमिती शिकल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने साध्यबाईंचे दोन्ही हात आपल्या खरखरीत हातांत घेतले. "तुमचे उपकार कसे फेडू? तिची आई असती तर तिनेही एवढं केलं नसतं."

"हे माझ्यामुळे झालंय," बाई म्हणाल्या. "मी तिला फसवलं."

रंगारी गोंधळला. मुख्याध्यापक हसून म्हणाले, "आमच्या बाई अशाच. सगळं स्वतःवर घेतात."

"मोठी माणसं अशीच असतात," रंगारी म्हणाला आणि हात आणखी घट्ट दाबले.

शेपूट शेजारीच उभी होती. एक शब्द बोलली असती तर बापाने शाळेवर दगड घातला असता आणि तिला घरी नेलं असतं. पण घरी काय आहे ते तिला पक्कं माहीत होतं. बाप कामावर जाताना तिला पलंगाच्या पायाला बांधून जायचा, पडूबिडू नये म्हणून. दोरी मऊ असायची, तो काही वाईट माणूस नव्हता. ती गप्प राहिली. बाईंना ते गप्प राहणं माफीसारखं वाटलं. तासाभरातच त्यांचा तो गैरसमज दूर झाला. शेपटीने मुख्याध्यापकांना सांगितलं, "मला आता वाचता येणार नाही. कुणीतरी वाचून दाखवायला हवं. साध्यबाई चालतील."

रोज दुपारी दोघी वाचनालयातल्या लांब टेबलाशी बसायला लागल्या. बाई ब्रेलच्या पानावर बोटं फिरवत मोठ्याने वाचायच्या. इतिहास, भाषा, भूमिती, सगळं. शेपूट जाड कातडीचे हात मांडीवर ठेवून ऐकायची. पान संपलं की म्हणायची, "परत."

बाई परत वाचायच्या.

"परत."

तिला पहिल्याच वेळी पाठ झालेलं असायचं, हे बाईंना कळत होतं. सिद्धसुद्धा करता आलं असतं. घसा बसायचा, ओळी अडखळायच्या, तरी वाचायच्या. कधी त्या विचारायच्या, "समजलं का?" ती म्हणायची, "परत वाचा, बाई." आवाज अगदी आदराचा. दारावरून जाणाऱ्या शिक्षिका म्हणायच्या, काय जीव लावलाय दोघींनी एकमेकींना.

कोपऱ्यांचा तो पाठ बाईंनी बंद केला. पाहुणे आले तेव्हा मुख्याध्यापकांनी आग्रह केला, तर म्हणाल्या, विसरले. वर्गातही त्या बदलल्या. चुकलेल्या मुलीला आता काही बोलायच्या नाहीत. मुलींना वाटलं, म्हातारी झाली. काही मुली त्याचा फायदा घेऊन त्यांच्या तासाला झोपायला लागल्या.

शालान्त परीक्षेत शेपटीने उत्तरं तोंडी सांगितली आणि लेखनिकाने उतरवून घेतली. भूमितीत तिला पैकीच्या पैकी मिळाले. मुख्याध्यापकांनी पेढ्यांऐवजी भाषण वाटलं. पुढे शिकायला तिला दुसऱ्या गावी प्रवेश मिळाला.

ती निघायची त्या दिवशीही दुपारी बाई वाचनालयात जाऊन बसल्या. पुस्तक उघडून ठेवलं, हात पानावर ठेवला आणि पावलं ऐकत राहिल्या. मधली घंटा झाली, मग शेवटची. इस्त्रीच्या मावशी चादरी घेऊन जात होत्या, त्या दारात थबकल्या.

"कुणाची वाट बघताय बाई? ती सकाळीच गेली. बाप आला होता न्यायला."

"काही म्हणाली?"

मावशींनी गठ्ठा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "मला म्हणाली, कॉलरचं बटण लावून द्या. बोटांनी लावता येत नाही ना तिला. लावून दिलं." मग वळता वळता, "तुमच्याबद्दल नाही काही."

"बरं," बाई म्हणाल्या. मावशी निघून गेल्या. बाई तशाच बसून राहिल्या. मग पहारेकरी खिडक्या लावायला आला आणि म्हणाला, "उठा आता, कुलूप लावायचंय."